गावचा माजी सैनिक : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला की अनेक शाळांतून सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी गोळा होतो. मुले घरून पैसे आणतात, शिक्षक त्यांची नोंद करतात, छोटा कागदी ध्वज छातीवर लावला जातो आणि रक्कम वर पाठविली जाते. हा दिवस १९४९ पासून पाळला जात आहे. त्या निधीतून माजी सैनिकांच्या आणि दिवंगत सैनिकांच्या कुटुंबांना साहाय्य मिळते, तेव्हा त्याच्या उपयुक्ततेविषयी संशय नाही. परंतु "हे पैसे तू कोणासाठी दिलेस?" असे एखाद्या मुलास विचारून पाहावे. "सीमेवरच्या जवानांसाठी" असे उत्तर बहुधा येते. त्याच्याच वाडीत सकाळी गुरे सोडणारे, दुपारी ओटीवर पान कुटत बसणारे आजोबा वीस वर्षे फौजेत होते, हे त्या मुलास ठाऊक नसते. ठाऊक असले तरी आपण दिलेल्या नाण्याचा आणि त्या आजोबांचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानी आलेले नसते.

गावातील सत्काराचीही अशीच गत होते. प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदन झाले की माजी सैनिकास पुढे बोलावतात, शाल व श्रीफळ देतात, टाळ्या वाजतात. सूत्रसंचालकाने नाईकास सुभेदार केलेले असते, नाहीतर सुभेदारास नुसतेच "आपले मिलिटरीवाले" म्हटलेले असते. ते कोणत्या पलटणीत होते, कोठे होते, केव्हा परतले, हे कोणी विचारलेले नसते. वृद्ध गृहस्थ नम्रपणे नारळ घेऊन घरी जातात. एरवी गावात माजी सैनिकाची आठवण पुष्कळांस कँटीनच्या बाटलीपुरतीच होते, हेही खेदाने नमूद करावे लागते. ज्याचा सन्मान करावयाचा त्याच्याविषयी काहीच माहीत नसेल, तर तो सन्मान शालीचा होतो, माणसाचा होत नाही. यास्तव चौथी-पाचवीच्या मुलांकडून एक काम करवून घ्यावे, असे येथे सुचविले आहे. गावातील प्रत्येक माजी सैनिकास भेटावे, त्याचे ऐकावे, ते अचूक लिहावे आणि शाळेत जपून ठेवावे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६२ व १९६५ ची पिढी त्याहून वृद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्यांस विचारण्याची वेळ तर निघूनच गेली. त्यांच्याविषयी आता मुलानातवंडांनाच विचारता येते.

तळा तालुक्यातील शिक्षकास या पाठाचा आरंभ दूर शोधावा लागत नाही. तालुका स्वतंत्र होण्यापूर्वी तळे हा माणगाव तालुक्याचाच भाग होता. माणगावास तहसील कार्यालयासमोर एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. बाजाराला, दाखल्याला, दवाखान्याला इंदापूरमार्गे माणगावी जाणाऱ्या कित्येक मुलांनी तो पाहिलेला असतो. तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. त्यांचे गाव पळसगाव-आंबेरचीवाडी, जन्म १६ नोव्हेंबर १९२१. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार वा जखमी झाले. मागे न फिरता ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती तोफ बंद पाडली आणि ठाण्यातील उरलेल्या सैनिकांशी हातघाईची लढाई करून ठाणे घेतले. तेथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा ब्रिटिश साम्राज्यातील पराक्रमाचा सर्वोच्च सन्मान होय. त्यांच्या समाधीची जागा ज्ञात नाही. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. त्या एका स्मारकावर अशीच समाधी नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत.

हा प्रसंग वर्गात सांगताना हातघाईचे वर्णन रंगवू नये. नऊ-दहा वर्षांच्या मुलांस ते आवडते, म्हणूनच अधिक सावध राहावे. त्यापेक्षा 'नाईक' या शब्दाकडे त्यांचे लक्ष वेधावे. चौथीच्या मुलांनी शिवछत्रपतींचा इतिहास वाचलेला असतो. महाराजांच्या पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक असे, पाच नाईकांवर एक हवालदार असे. आणि किल्ल्याचा मुख्य अधिकारी तोही हवालदार. गावाच्या डोक्यावर तळगड उभाच आहे. गडाकडे बोट दाखवून हे सांगता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी पलटणीतील नाईकही साधारण दहा जणांची तुकडी सांभाळीत असे. घाडग्यांच्या हाताखाली तेवढीच माणसे होती. काही क्षणांत ती सगळी पडली आणि नाईक एकटा उरला. एवढे सांगून शिक्षकाने थोडे थांबावे. वर्ग शांत होतो, आणि ती शांतता कोणत्याही अभिनयापेक्षा अधिक शिकवून जाते.

यानंतर नकाशा काढावा. माणगाव, मुंबई, अरबी समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र, इटली असा समुद्रमार्ग मुलांकडून बोटाने गिरवून घ्यावा. तेथे पेरुजा प्रांतात मोंतोने नावाचे टेकडीवरचे लहानसे गाव आहे. तेथील लोकांनी २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. ज्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, ज्यांचा देश युद्धाच्या आरंभी शत्रुपक्षात होता, त्या गावास आंबेरचीवाडीच्या मुलाची आठवण एकोणऐंशी वर्षांनंतर ठेवाविशी वाटली. मग आपल्या वाडीतील आजोबांची आठवण आपण कशी ठेवली आहे? हा प्रश्न मुलांसमोर ठेवावा आणि पहिली तासिका तेथेच संपवावी. उत्तर त्यांनी घरून आणावे.

दुसऱ्या दिवशी एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, पण ते तर इंग्रजांच्या फौजेत होते ना?" हा प्रश्न टाळू नये आणि विचारणाऱ्यास दटावू तर मुळीच नये. होय, ते इंग्रजांच्या फौजेत होते. कोकणातली जमीन थोडी, पीक एकाच पावसाचे, घरात खाणारी तोंडे अधिक; तेव्हा एक भाऊ मुंबईच्या गिरणीत जाई आणि दुसरा पलटणीत. राज्य परक्याचे होते, पण घरी येणारी मनिऑर्डर आपल्याच आईच्या हाती पडत होती. त्याच काळात दुसरेही घडत होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईस 'तलवार' या ठाण्यावरील नौसैनिकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि पाहता पाहता तो इतर बंदरांत व जहाजांवर पसरला. गणवेश तोच होता. त्याच्या आतला माणूस विचार करीत होता. पुढे १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि याच पलटणी स्वतंत्र भारताच्या झाल्या. घाडग्यांची रेजिमेंट आज मराठा लाइट इन्फन्ट्री या नावाने भारतीय सेनेत आहे व तिचे केंद्र बेळगावास आहे. मुलांस इतके सरळ सांगितले म्हणजे पुरते. शौर्य एका माणसाचे असते आणि साम्राज्याचा हिशेब वेगळा असतो, हा भेद दहा वर्षांच्या मुलास कळतो. मोठ्यांचाच त्यात कधी कधी गोंधळ होतो.

सैनिकाची सेवा निवृत्तीबरोबर संपते असेही नाही. या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील एका माजी सैनिकाचे उदाहरण शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावे. महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले. त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापन केली, अस्पृश्यतेविरुद्ध 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली, आणि महार समाजास सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज तयार केला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. पलटणीत शिकलेले वाचन, लेखन आणि ताठ मान त्यांनी गावाच्या कामी आणली. त्याच पिढीतील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरी झालेल्या अभ्यासातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर घडले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण सुभेदार हे आपल्याच व्यवसायबंधूंपैकी होते, ही गोष्ट शिक्षकांच्या क्वचितच ध्यानात येते.

येथे जाता जाता एक सावधगिरीची सूचना. सुभेदार रामजींचे मूळ गाव आंबडवे, ते रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात आंबवडे नावाचे निराळे गाव आहे. तेथील घराघरांतून माणसे सैन्यात गेली, म्हणून त्या गावास 'फौजी आंबवडे' असे नाव पडले. ही दोन गावे भाषणांतून नेहमी एक केली जातात. एका अक्षराच्या हेळसांडीने एका गावाचा मान दुसऱ्यास जातो. मुलांच्या वहीत असे होऊ देऊ नये.

महाड, मंडणगड, खेड, दापोली या बाजूंस काही खेड्यांत पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतकी माणसे १९१४ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. पाटी बसविणाऱ्या सरकारला संख्या हवी होती, ती त्याने कोरली. ती माणसे कोण, कोणाच्या घरची, कोठे पडली, हे पाटी सांगत नाही. एका शतकानंतर गावातील लोकही पुष्कळदा ते सांगू शकत नाहीत. मुलांनी भरावयाची वही नेमकी येथे कामाची आहे. आकडा सरकारी दप्तरातही सापडेल, नाव व गोष्ट मात्र वाडीतच सापडते.

समुद्राकाठच्या तालुक्यांत आणखी एक गोष्ट विसरू नये. कोकणची माणसे केवळ पायदळात गेली नाहीत. ती जहाजांवरही गेली. मुंबईस मशीद बंदराच्या बाजूस भारतीय खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी समाधी नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती तेथे जपलेली आहे. त्यांत केवळ आरमारातले नव्हते. व्यापारी जहाजांवरचे खलाशीही होते. ज्याच्या हाती बंदूक नव्हती त्यालाही युद्धाने नेले. स्वतंत्र भारतात ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'खुकरी' ही युद्धनौका अरबी समुद्रात बुडाली. तिच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. आपल्या गावात नौदलातून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांना ती रात्र आठवत असेल. त्यांच्याशी बोलताना हे माहीत असलेले बरे.

आणि ही सेवा एका जातीची वा धर्माची नव्हती, हेही मुलांनी पाहावे. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल हे तेल गाळणारे लोक. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणविले गेलेले. त्यांतील कित्येक मुंबईच्या फौजेत होते. त्यांच्यापैकी कमांडंट सॅम्युएल दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडले. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. घोसाळकर आणि तळकर ही आडनावे त्या समाजातही आढळतात. तेव्हा गावाची पाहणी करताना बौद्धवाडी, मोहल्ला, कुणबीवाडी, आदिवासीवाडी सर्व फिरावे. सरपंचांच्या ओळखीच्या चार घरांवर काम भागवू नये. एखाद्या वाडीची नावे राहिली तर ती वही अपुरी राहतेच, शिवाय त्या वाडीतील मुलांस वर्गात मान खाली घालावी लागते. असे होण्यापेक्षा वही न केलेली परवडली.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. दिवस निवडताना कोकणचे पंचांग पाहावे. १० जुलै हा घाडगे यांचा स्मृतिदिन खरा; पण त्या सुमारास लावणी ऐन भरात असते, वाटा निसरड्या असतात आणि निम्मी मुले आवणात असतात. त्या दिवशी वर्गात गोष्ट सांगावी. भेटी मात्र भातकापणी व झोडणी उरकल्यावर, ध्वजदिन ते प्रजासत्ताकदिन या अवधीत ठेवाव्यात. १६ डिसेंबरचा विजयदिन, १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन आणि १५ जानेवारीचा सेनादिन हे सर्व त्याच अवधीत येतात. माजी सैनिकास शाळेत बोलावण्यापेक्षा मुलांनी त्याच्या घरी जावे. व्यासपीठावर तो भाषण करू लागतो, किंवा मुळीच बोलत नाही. आपल्या ओटीवर बसला म्हणजे बोलतो. एका वेळी चार-पाच मुलेच न्यावीत. भेटीची परवानगी शिक्षकाने आधी स्वतः जाऊन मागावी, म्हणजे कोणत्या गोष्टी काढू नयेत हेही त्यास कळते.

अशा भेटीत जे नेहमी घडते ते डोळ्यांसमोर आणावे. समजा, गृहस्थ म्हणतात, "छे, छे! मी कसला लढलो? मी लांगरी होतो. लढलेल्यांकडे जा." लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी. मुलांचे चेहरे उतरतात. त्यांना तोफांची गोष्ट हवी असते. येथे शिक्षकाची खरी परीक्षा आहे. त्याने उठून जाऊ नये. त्याने विचारावे, "आजोबा, किती माणसांचा स्वयंपाक होता? बर्फात चूल कशी पेटवीत होता? पुढच्या चौकीवर जेवण कोण नेई, कसे नेई? पाणी कोठून आणीत?" मग पहाटे उठून वितळविलेला बर्फ, गारठलेले पीठ, पाठीवरून चौकीत चढविलेली डाळीची भांडी आणि ज्या दिवशी जेवणारांपैकी काही परत आले नाहीत त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या रोट्या, असे काहीतरी हळूहळू बाहेर येऊ शकते. सैन्यात मोटारहाके असतात, खेचरे सांभाळणारे असतात, तारयंत्रावर बसणारे, पूल बांधणारे, जखमींस उचलून नेणारे असतात. या सर्वांनी नोकरी केली म्हणून बंदूकवाल्यास लढता आले. फक्त शौर्यपदकांच्या मागे लागणारी वही चार पानांत संपेल.

"तुम्ही किती शत्रू मारले?" हा प्रश्न कोणत्याही मुलाने विचारू नये, हे निघण्यापूर्वीच बजावून ठेवावे. विचारणारास तो निरुपद्रवी वाटतो. ऐकणारास चाळीस वर्षांनी पुन्हा झोप लागत नाही. त्याऐवजी लहान, हाताला लागणारे प्रश्न द्यावेत. घरातून निघाला तेव्हा कोणी पोहोचवायला आले होते? पहिला पगार किती, त्याचे काय केले? बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटले? गणपतीला रजा मिळाली नाही तर तेथे काय करीत असत? पलटणीतील मित्र कोणत्या गावचे होते, आता कोठे असतात? मित्राच्या नावापाशी आवाज थांबला तर मुलांनीही थांबावे. लिहिणे बंद करावे, पाणी मागावे. मौनसुद्धा नोंदविता येते. 'याविषयी आजोबा बोलले नाहीत' एवढे वाक्य पुरेसे आहे.

आजोबांचे झाले म्हणजे आजीकडे वळावे. ही गोष्ट पुष्कळदा राहून जाते. सैनिक दूर असताना नांगर कोणी धरला, वरकस जमिनीत नाचणी कोणी लावली, सासूसासऱ्यांचे दुखणे कोणी काढले, पोर आजारी पडले तेव्हा पत्र कोणाकडून लिहून घेतले? सैनिकाच्या पत्त्यावर गावाचे नाव नसे. पलटण आणि '५६ एपीओ' अथवा '९९ एपीओ' एवढेच असे. माणूस कोठे आहे हे न कळता त्याला पत्र लिहावयाचे, आणि उत्तर यायला पंधरा दिवस लागले की पोस्टमनच्या वाटेकडे पाहावयाचे, ही सेवा कोणत्याही पदकात मोजली गेलेली नाही. जेथे सैनिक परतलाच नाही तेथे तर वीरपत्नीची भेट शिक्षकाने एकट्यानेच घ्यावी. मुलांनी नंतर फक्त नमस्कारास जावे.

पुष्कळ घरांत पत्र्याची पेटी असते आणि तिच्या तळाशी पदके. ती वाचण्याची थोडी विद्या शिक्षकास असावी. पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते. भिंगातून पाहिले तर घासलेली अक्षरेही लागतात. पणजोबांच्या पेटीत तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा अशा पट्ट्यांच्या फितीचा षट्‌कोनी तारा निघाला, तर तो इटलीतील सेवेचा तारा होय, म्हणजे पणजोबा घाडग्यांच्याच रणभूमीवर होते. 'समर सेवा' तारा १९६५ चा, 'पूर्वी' व 'पश्चिमी' हे तारे १९७१ चे. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर 'हिमालय', 'जम्मू काश्मीर' अशा देवनागरी पट्ट्या असतात. त्या मुलांस स्वतः वाचता येतात आणि त्यांना त्याचा फार आनंद होतो. 'विदेश सेवा' पदक निघाले तर नकाशा पुन्हा काढावा. नऊ वर्षांच्या व वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचीही पदके असतात. त्यांस कमी लेखू नये. पदके पुसून चकचकीत करण्याचा मोह मात्र आवरावा. घासताघासता कडेवरचे नाव जाते, आणि नाव हेच तर आपल्याला हवे आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मर्यादा पाळावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, बँकेचे पुस्तक ही घराबाहेर नेऊ नयेत, त्यांची छायाचित्रे काढू नयेत. सैनिक क्रमांक व पेन्शन क्रमांक मुलांच्या वहीत उतरवू नयेत. भरतीचे वर्ष, पलटण, हुद्दा, निवृत्तीचे वर्ष एवढे पाहून घ्यावे व पुस्तक परत पेटीत ठेवावे. जे अद्याप सेवेत आहेत त्यांची नेमणूक कोठे आहे, हे वहीत, फलकावर वा मोबाईलवरील गटात कोठेही लिहू नये. हौसेने लिहिलेले असे एक वाक्य त्या जवानास अपायकारक ठरू शकते. त्याच्या घरी पेन्शनची वा सवलतीची काही अडचण आढळली, तर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे अर्ज लिहून देण्याचे काम शिक्षकाने करावे. कोणा वृद्धेस शालीपेक्षा नीट लिहिलेल्या अर्जाची गरज अधिक असते.

लेखन मुलांच्याच शब्दांत असावे. शिक्षकाने शुद्धलेखन सुधारावे, पण 'रणधुरंधर', 'मृत्युंजय' असली विशेषणे आत घालू नयेत. 'आजोबा म्हणाले, पहिल्या बर्फात मी पावटे ठेवायच्या मडक्याची आठवण काढून रडलो' असे एखादे वाक्य मुलाने लिहिले, तर त्यास हात लावू नये. ऐकलेली गोष्ट आणि कागदावर पाहिलेली गोष्ट यांच्यापुढे वेगवेगळी खूण करण्यास शिकवावे. इतिहासलेखनाचा पहिला धडा हाच होय. आजोबांनी सांगितलेले वर्ष आणि डिस्चार्ज बुकातील वर्ष यांत फरक पडला, तर दोन्ही लिहावीत. लिहून झाले की ते त्यांस वाचून दाखवावे. पुष्कळदा दुरुस्त्या त्याच वेळी होतात आणि पहिल्या दिवशी न सांगितलेले एखादे नावही निघते.

दिवंगत सैनिकांसाठी आणखी दोन ठिकाणी शोध घेता येतो. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मराठी नावांचे इंग्रजी स्पेलिंग तेथे वाटेल तसे झालेले असते, म्हणून चार-पाच प्रकारे शोधावे. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ग्रॅनाइटच्या शिळांवर आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रास अर्पण झाले व तेथे पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. याखेरीज २०२३ च्या 'माझी माती, माझा देश' अभियानात ग्रामपंचायतींनी शिलाफलक उभारले आहेत. मुलांनी त्या फलकाचा मजकूर आपल्या वहीशी ताडून पाहावा. नाव चुकले वा राहिले असल्यास ग्रामसेवकांस व सरपंचांस वर्गाच्या वतीने पत्र लिहावे. पत्रलेखनाचा पाठ त्यात आपोआप होतो, आणि सर्व मुलांच्या सह्यांचे पत्र ग्रामपंचायतीस बाजूला टाकणे अवघड जाते.

राहिला प्रजासत्ताकदिनाचा सत्कार. तो बंद करण्याचे कारण नाही. शाल द्यावी, नारळ द्यावा, खुर्ची सावलीत ठेवावी. त्याआधी एका मुलाने वहीतील त्या गृहस्थांचे पान उभे राहून वाचावे. दीड-दोन मिनिटे लागतात. हुद्दा बरोबर उच्चारला जातो, पलटणीचे नाव घेतले जाते, आणि लांगरी असेल तर लांगरी म्हणूनच सांगितले जाते. आजीचे नावही त्यातच येते.

वही तयार झाली की तिची नोंद शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत अवश्य करावी. हे किरकोळ वाटेल; पण शिक्षकाची बदली होते, चांगल्या हस्ताक्षरातली वही त्यांच्या सामानाबरोबर जाते किंवा कपाटावर पडून वाळवीस मिळते, आणि नव्या शिक्षकास ती होती हेही कळत नाही. नोंद असली म्हणजे कार्यभार देताना ती दाखवावी लागते. पुढील वर्षीच्या मुलांनी नवी पाने जोडावीत. ज्यांचे निधन झाले त्यांच्या पानावर तारीख घालावी. दर पानाची एक प्रत मुलाच्याच हस्ताक्षरात करून ज्याने लिहिले त्याच मुलाने त्या घरी नेऊन द्यावी. बहुतेक घरांत ती पत्र्याच्या पेटीत, पदकांच्या शेजारी ठेवली जाते.